पाचवा ठोका

सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... लीला मनातल्या मनात मोजत होती. उजव्या हाताची तीन बोटं चिमणाबाईंच्या मनगटावर आणि नजर छातीशी टाचलेल्या घड्याळाच्या काट्यावर. बाहेर श्रावणातली सर पडून गेली होती आणि ओल्या उन्हाचा एक पट्टा खाटेपर्यंत आला होता.

टक... टक टक... टक...

आकडा निसटला.

"कोण आहे ते?" मान न वळवताच तिनं विचारलं.

खिडकीच्या लाकडी कठड्यावर वाजणारी बोटं थांबली.

"मी हाय. ज्ञानू. गडमुडशिंगीचा. ही माझी आई."

"हा बायकांचा वॉर्ड आहे, भजनाचा फड नाही. तुमच्या टकटकीनं माझं मोजणं चुकलं."

"चुकलं आसंल, सिस्टर. पर तुमी जे मोजत हुता, तेच मी वाजवत हुतो की."

आता लीलानं मान वळवली. खाटेच्या पलीकडे एक उंच, सावळा, तिशीच्या आतला माणूस उभा होता. डोक्यावरचा पटका पावसानं भिजला होता. त्याच्या डाव्या हातात आईचं दुसरं मनगट होतं आणि उजव्या हाताची बोटं अजून कठड्यावर होती.

"काय वाजवत होता?"

"हिचा ठेका. मृदंग वाजवतो न्हवं मी भजनात, म्हणून हाताला सवय हाय. पर ह्यो ठेका गावंना झालाय. चार ठोकं नीट पडत्यात, पाचवा कुठंतरी हरवतोय. म्हणून पाचव्याला थांबावं, तर पुढच्या खेपंला तिसराच पळतोय... ही लय न्हवं, सिस्टर. माझ्या आईच्या छातीत कोण बेताल वाजवतंय?"

चिमणाबाईंच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापानं खराब झाली होती. नाडी अनियमित होती. हे कळायला लीलाला मिरजेत नर्सिंग शिकत तीन वर्षं घासावी लागली होती. आणि हा माणूस ओल्या पटक्यानं येऊन खिडकीशी उभ्याउभ्या तेच सांगत होता.

"भेटीची वेळ चार वाजता असते," ती म्हणाली. "आत्ता साडेतीन झालेत."

"मग मी भाईर थांबतो." तो दाराशी गेला आणि वळला. "सिस्टर... ती बरी हुईल न्हवं?"

"तुम्ही टकटक केली नाही, तर लवकर होईल."

तो हसला. एवढा मोठा माणूस, पण हसताना अगदी लाजल्यासारखा दिसला. लीलानं पुन्हा मनगट धरलं आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.

हे साल त्रेपन्न. लीला गडहिंग्लजची, अंबादास मास्तरांची थोरली लेक. मास्तर पुरोगामी विचारांचे, म्हणून लेकीला नर्सिंग शिकू दिलं, पण गावात कुणी विचारलं तर ते घसा खाकरून म्हणत, "कोल्हापूरला असते, सरकारी नोकरीत." पुढचं सांगायचे नाहीत. परक्या माणसांची अंगं पुसणारी, मलमूत्राची भांडी देणारी पोर. लोक काय काय बोलतात ते त्यांनी ऐकलं होतं. लीलानंही ऐकलं होतं. पण वॉर्डात पाऊल टाकलं की तिला ते काही आठवायचं नाही. तिथं ती होती आणि तिच्या बारा खाटा होत्या.

त्यात सात नंबरच्या चिमणाबाई म्हणजे एक प्रकरण होतं. पाय सुजून खांबासारखे झालेले, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं पडलं की जीव घुसमटायचा. लीलानं खाटेची उशाकडची बाजू विटांवर चढवली, पाठीला चार उशा लावल्या, पुढ्यात टेकायला पाट ठेवला, तेव्हा कुठं चार दिवसांत बाईंचा पहिल्यांदा डोळा लागला. उठायचं नाही, हात वर करून वेणीसुद्धा घालायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. म्हणून लीलाच वेणी घाली, घास भरवी, पाठ स्पिरिटनं चोळून पावडर लावी, पिण्याचं पाणी मापून देई आणि लघवीही मापून लिहून ठेवी.

"माझ्या मुताचा बी हिशेब ठेवतीस व्हय गं?" चिमणाबाई खवळायच्या.

"ठेवते. आज पाण्यापेक्षा जास्त झाली. म्हणजे सूज उतरतेय. शाबास!"

"ह्यात शाबासकी? माझ्या आईनं कधी दिली न्हाय ती तू दिलीस बघ."

मिठाची मात्र मोठी लढाई झाली. मीठ पूर्ण बंद होतं. एकदा लीलाला बाईंच्या पदराच्या गाठीत मिठाची चिमटी सापडली.

"हे कुठून आलं?"

"आलं आसंल वाऱ्यानं."

"वाऱ्यानं गाठ मारली?"

चिमणाबाईंनी तोंड फिरवलं. "आळणी भाकरी म्हंजे काय खाणं हाय? त्यापेक्षा मेलेली बरी!"

लीला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती क्वार्टरमधून एक वाटी घेऊन आली. लसूण, ओली मिरची, कोथिंबीर आणि वरून लिंबू पिळलेलं, मिठाचा कण नाही. चिमणाबाईंनी बोट लावलं, मग घास घेतला, मग भाकरीचा मोठा तुकडा मोडला.

"चव हाय की गं पोरीच्या हाताला," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. खिडकीशी ज्ञानू उभा होता. चार वाजून गेले होते.

तो रोज यायचा. सकाळी उसाला पाणी पाजून, जेवून, पाच मैल सायकल मारून यायचा आणि चारपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसायचा. बाकीचे नातेवाईक कुरकुरायचे, आरडाओरडा करायचे. हा गप्प बसायचा. पण लीला वऱ्हांड्यातून गेली की त्याची बोटं मांडीवर कसलासा ठेका धरायची...

"हा कुठला ताल?" एकदा तिनं न राहवून विचारलं.

"तुमच्या चालीचा."

"माझ्या चालीचा?"

"व्हय की. ट्रे हातात आसला की सावकाश. हाक आली की दुडकी. आणि डॉक्टर मागं आसले की..." त्यानं बोटं वाजवून दाखवली.

लीला हसू दाबत आत गेली. त्या दिवशी तिनं गोळ्यांच्या वहीत तेरा आणि चौदा नंबरच्या खाटाही लिहून टाकल्या, आणि मग स्वतःवरच चिडली. वॉर्डात तेरा आणि चौदा नंबर नव्हतेच!

गणपतीच्या सुमारास चिमणाबाईंची सूज उतरली. घरी सोडायची वेळ आली, तशी एक अडचण उभी राहिली. त्यांना डिजिटॅलिसची गोळी रोज द्यायची होती. ती गोळी हृदयाला आवर घालते, पण अंगात साठतही जाते. रोज आधी नाडी मोजायची, साठाच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही. घरी हे कोण करणार?

"मी करतो," ज्ञानू म्हणाला.

डॉक्टर त्र्यंबकराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या घरी सेकंदकाट्याचं घड्याळ आहे का?"

"घड्याळच न्हाय, डॉक्टरसाहेब."

"मग?"

"लय हाय न्हवं माझ्याकडं."

डॉक्टरांना ते काही पटलं नाही. पण वॉर्डच्या थोरल्या सिस्टर माई तीस वर्षं नोकरीत मुरलेल्या. त्यांनी आपलं घड्याळ काढून मुठीत धरलं. "वाजवा बघू पाटावर. सेकंदाला एक. मी थांब म्हणेपर्यंत."

ज्ञानूनं डोळे मिटले. टक... टक... टक... सगळा वॉर्ड गप्प झाला. बायका उशीवरून माना उचलून ऐकू लागल्या. एका लयीत, ना पुढं ना मागं, ठोके पडत राहिले. लीला श्वास रोखून उभी होती. का कोण जाणे, परीक्षा तिचीच चालल्यासारखं तिला वाटत होतं.

"थांबा," माई म्हणाल्या. "किती झाले?"

"एकशेवीस."

माईंनी मूठ उघडली. दोन मिनिटं पुरी झाली होती, काटा जागेवर परतला होता. "डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्याला घड्याळ नको. लीला, ह्याला नाडी धरायला शिकव."

मग चार दिवस शिकवणी चालली. आईच्या नाडीवर तर झालीच, पण ठीक चालणारी नाडी कशी असते, तीही कळायला हवी होती. लीलानं आपलं मनगट पुढं केलं.

"अंगठा नाही लावायचा. अंगठ्यात तुमचीच नाडी लागते. ही तीन बोटं. हलकी ठेवा... हं. मोजा."

तो मोजत राहिला. नांगर धरून राठ झालेली बोटं, पण फुलपाखरू बसावं तशी टेकली होती.

"शहात्तर."

"बरोबर."

"आता पुन्हा मोजू?"

"मोजा."

"...ब्याण्णव."

"चुकलं. नीट मन लावून मोजा."

"मन लावूनच मोजतोय, सिस्टर. माझं मोजणं चुकत न्हाय. तुमची नाडीच पळाय लागलीया."

लीलानं मनगट ओढून घेतलं. "आजच्यापुरती शिकवणी पुरे."

"उद्या?"

"उद्या... माईंची नाडी मोजा!"

जायच्या दिवशी फाटकात, जुंपलेल्या बैलगाडीपाशी तिनं त्याला सगळं पुन्हा बजावलं. नाडी साठाच्या खाली गेली तर गोळी बंद. जेवण नकोसं झालं, मळमळलं, डोळ्यांना वेगळंच काही दिसू लागलं, तर गाडी जुंपून थेट इकडं. कुणी काहीही म्हणो.

"कुणी काही बी म्हणो," त्यानं म्हणून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाला, "तुमी हितंच असणार न्हवं?"

लीला पदराची निरी नीट करू लागली. "बेळगावचं एक स्थळ आलंय. कचेरीत आहेत. त्यांचं म्हणणं, लग्नानंतर ही नोकरी नको. दादा, म्हणजे माझे वडील, दसऱ्यानंतर येणार आहेत, माझं उत्तर ऐकायला."

ज्ञानूचा चेहरा उतरला. तो कितीतरी वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"मग हितल्या बायांचं कसं?" तो अखेर म्हणाला.

बस? एवढंच? लीलाला रडावं की त्याला दोन शब्द सुनवावेत, कळेना. "त्यांना दुसरी सिस्टर मिळेल," ती म्हणाली आणि वळून चालू लागली. गाडीची घुंगरं फाटकाबाहेर गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा पहिला माणूस, ज्यानं तिच्या लग्नाचं ऐकल्यावर तिच्या कामाची काळजी केली.

महिनाभर काही निरोप नव्हता. दर बुधवारी घरून कुणीतरी येऊन गोळ्या न्यायचं; कधी मामा पिराजी, कधी शेजारी. तो यायचा नाही. लीलाही विचारायची नाही. फक्त बुधवारी तिची नजर फाटकाकडे जास्त जायची, इतकंच.

दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस. सकाळचे दहा वाजले होते. फाटकात बैलगाडी धडधडत आली आणि मागून पिराजी मामाचा आवाज आला. अख्ख्या दवाखान्यानं ऐकावा असा!

"डॉक्टरनं ल्हून दिल्याली गोळी ह्यानं बंद केली! दोन दिस झालं! स्वतःच्या आईला मारतोय ह्यो!"

ज्ञानू आईला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"परवा सकाळी चोपन्न भरली," तो लीलाला एका दमात सांगू लागला. "तवाच गोळी बंद केली आन गाडी जुंपाय लागलो. तर ह्या मामानं बैलं सोडून दिली. गोळी बंद केली म्हणून नाडी उतरतीया म्हणं. काल पन्नास. आज शेहेचाळीस. आज मी कुणाचं ऐकलं न्हाय. जेवणाचा वास बी नको झालाय तिला. सिस्टर, मी चुकलो का?"

चिमणाबाईंना खाटेवर घेऊन, उशा लावून लीला नाडी मोजत होती. शेहेचाळीस. अगदी तंतोतंत.

चिमणाबाईंनी डोळे उघडले. लीलाकडे बघून त्यांच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं.

"अगं बया... पोरी, तुला हळद कुणी लावली?"

"काय, आक्का?"

"पिवळीधमक दिसतीस की. हात पिवळं, लुगडं पिवळं... ज्ञानू, सून घिऊन आलास व्हय रं? मला सांगितलं न्हाईस ते!"

लीलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आणि दुसऱ्याच क्षणी ते सर्रकन उतरलं. पांढरं लुगडं पिवळं दिसतंय! डिजिटॅलिस अंगात जास्त साठल्याची ही खूण.

"माई, डॉक्टरांना बोलवा! लगेच!"

त्र्यंबकराव आले, तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग वळून म्हणाले, "गोळी कुणी थांबवली?"

"ह्यानं, ह्यानं!" पिराजी मामा पुढं सरसावला.

"ह्यानं आईचा जीव वाचवला आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या दोन गोळ्या आणखी पोटात गेल्या असत्या, तर आज मला करण्यासारखं काही उरलं नसतं."

ज्ञानू भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्यानं तोंड पटक्यात लपवलं. मग म्हणाला, "मी न्हाय, डॉक्टरसाहेब. सिस्टरनी शिकवलंय. कुणी काही बी म्हणो, म्हणाल्या हुत्या."

लीला इंजेक्शनची सुई उकळायला ठेवत होती. तिला वाटलं, एवढा अभिमान एका माणसात मावतो तरी कसा! तिनं शिकवलेलं पाच मैल दूर, तिच्याशिवाय, भर भांडणात उभं राहिलं होतं.

पुढचे तीन दिवस ती सात नंबरपासून हलली नाही. कामाची पाळी संपली तरी बसून राहायची. दर तासाला नाडी, चमच्या-चमच्यानं मोसंब्याचा रस. शेहेचाळीस, पन्नास, छप्पन्न... चौथ्या दिवशी चौसष्ट. चिमणाबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि हळहळून म्हणाल्या, "पांढरी दिसाय लागलीस गं. हळद उतरली."

त्याच दिवशी अंबादास मास्तर आले. लीला एका बाईचं बाळंतपणानंतर सुजून दुखणारं पाऊल उशीवर ठेवत होती, म्हणून ते दाराशी बाकावर बसले. एक तास बसले. आपली लेक काय करते ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. "सिस्टर" म्हणून हाक आली की ती कशी पोहोचते, ती आली की कण्हणं कसं कमी होतं. शेजारच्या बाकावर पटकेवाला एक माणूस बसला होता.

"तुमचं कोण आहे आत?" मास्तरांनी विचारलं.

"आई हाय. वाचली. आन तुमचं कोण, पावणं?"

मास्तरांनी घसा खाकरला. मग खाकरणं मधेच सोडून ते म्हणाले, "ती सिस्टर दिसतेय ना, ती माझी मुलगी."

ज्ञानू ताडकन उठून उभा राहिला.

लीला बाहेर आली, तेव्हा दोघंही उभेच होते. "दादा, बेळगावला नाही म्हणून कळवा," ती एका श्वासात म्हणाली. "मी हे काम सोडणार नाही."

"तेच सांगायला थांबलो होतो," मास्तर म्हणाले. "कळवतो. आजच कळवतो." आणि चष्मा पुसायचं निमित्त करून ते नळाकडे गेले.

वऱ्हांड्यात दोघंच उरली. ज्ञानूची बोटं आज स्तब्ध होती.

"त्या दिवशी," लीला म्हणाली, "फाटकात तुम्ही इथल्या बायांचं कसं म्हणून विचारलंत. स्वतःचं का नाही विचारलंत?"

"कसं इचारणार? तुमी शिकलेल्या. मी दीड एकरवाला मृदंग्या. माझं इचारलं असतं आन तुमी न्हाय म्हणाला असता, तर बुधवारी गोळ्या न्यायला कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"तरी आलात कुठं? मामांना धाडत होता."

"...मोजत हुता व्हय?"

"चार बुधवार," लीला म्हणाली.

तो मान वर करून, कोल्हापुरी माणूस बोलतो तसा रोखठोक बोलला. "माझ्याशी लगीन करा, लीलाबाई. काम सोडू नका. दिसपाळी आसू दे न्हायतर रातपाळी, मी सोडीन आन मी आणीन. घरात मिठाचा डबा बी न्हाय आता. तुमच्या वाटंत मी कधी आडवा येणार न्हाय."

"आणि आलात तर?"

"तर आई हाय की. तुमच्या बाजूनं."

आतून चिमणाबाईंचा आवाज आला. अंथरुणातून उठायची बंदी होती, ओरडायची नव्हती. "अगं व्हय म्हण की, पोरी! किती येळ नाडी धरून बसतीस!"

सगळा वॉर्ड खदखदून हसला. लीलानं तोंडाला पदर लावला, आणि पदराआडूनच म्हणाली, "व्हय."

मार्गशीर्षात लग्न झालं. आठवडाभरानं लीलाची रजा संपली. नर्सा तेव्हा टोपी पिशवीत घालून न्यायच्या आणि दवाखान्यात गेल्यावर डोक्याला टाचायच्या, वाटेत लोकांनी बघू नये म्हणून. लीलानंही आजवर तेच केलं होतं. त्या सकाळी तिनं अंगणात तुळशीपाशी उभं राहून टोपी काढली, पिना लावल्या आणि डोक्यावर घट्ट बसवली. पांढरं लुगडं, पांढरी टोपी. ज्ञानूनं सायकल धरली, ती मागच्या कॅरिअरवर बसली. मामा पिराजी ओसरीवरनं पुटपुटला, "गावातनं आशी जाणार व्हय?"

"आशीच जाणार!" चिमणाबाई खुर्चीतनं म्हणाल्या.

सायकल निघाली. पाणवठ्यावरच्या बायका थांबल्या, पारावरचे म्हातारे वळले. चावडीपुढून जाताना कुणीतरी विचारलं, "काय ज्ञानू, कुठं निघालाईस?"

ज्ञानूनं पायडल मारणं थांबवलं नाही. ताठ मानेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"सिस्टरना ड्यूटीवर सोडाय."